चला, वरळीच्या कोळीवाड्यात!

भोसरी, चिंचवड, चाकणच्या दोस्तांनो, एका प्रश्नाचं पटकन उत्तर द्या बघू. भोसरीत पाऊस पडला की ते पाणी शेवटी कुठल्या समुद्राला मिळतं?

"सोप्पं आहे! अरबी समुद्राला. तोच तर जवळ आहे."

चूक! समुद्र जवळ आहे हे खरं. पश्चिमेला शंभरएक किलोमीटर गेलं की आलाच तो. पण आपलं पाणी तिकडे जातच नाही. भोसरीच्या एका बाजूला पवना आणि दुसऱ्या बाजूला इंद्रायणी. पवना मुळेला मिळते, मुळा-मुठा भीमेला मिळते. इंद्रायणी तुळापूरला भीमेत शिरते. भीमा जाते कृष्णेकडे, आणि कृष्णा थेट आंध्र प्रदेशात जाऊन बंगालच्या उपसागराला भेटते. म्हणजे आपल्या अंगणातला थेंब उशाशी असलेला समुद्र सोडून अख्खा देश ओलांडून पलीकडच्या समुद्राला जातो. आहे की नाही गंमत?

पाणी जात नाही तर नाही, आपण तर जाऊ शकतो! म्हणून या वेळी एका दिवसाची सहल. पण चौपाटीवरची भेळ आणि घोड्यावरची रपेट असली सहल नव्हे बरं का. ती तुम्ही केलेली असणारच. आपण जाणार आहोत मुंबईतल्या एका गावात. हो, मुंबईतल्या गावात! तिथे घरासमोर स्कूटर उभी असते तशी होडी उभी असते. किल्ल्यात व्यायामशाळा आहे. आणि तिथली माणसं घड्याळाइतकंच लक्ष चंद्राकडे ठेवून कामाला निघतात. या गावाचं नाव वरळी कोळीवाडा.

निघण्याआधी कॅलेंडर पाहा

सहलीला निघताना आपण काय पाहतो? सुट्टी कधी आहे ते. एमआयडीसीत कामाला असणाऱ्या बाबांची सुट्टी गुरुवारची, तुमची रविवारची, त्यामुळे घरात आधी तोच वाद! तो मिटला की भिंतीवरच्या कॅलेंडरात आणखी एक गोष्ट पाहा : त्या दिवशीची तिथी.

"तिथी? उपास थोडाच करायचाय?"

उपास नाही, भरती-ओहोटीचा हिशोब करायचाय. कोकणातली आणि मुंबईची दर्यावर्दी माणसं पिढ्यान्‌पिढ्या हा हिशोब तोंडी करत आली आहेत. रीत अशी : तिथीच्या आकड्याची पाऊणपट करा. जे उत्तर येईल, त्या सुमाराला भरती पूर्ण होते. दिवसाही आणि रात्रीही.

करून पाहू या. चतुर्थी म्हणजे ४. चाराची पाऊणपट ३. म्हणजे चतुर्थीला दुपारी तीनच्या आणि पहाटे तीनच्या सुमाराला पूर्ण भरती. अष्टमीला आठाची पाऊणपट ६, म्हणून सकाळी सहा आणि संध्याकाळी सहा. दशमीला साडेसात. भरतीनंतर सहा तास आणि वर थोडी मिनिटं गेली की पूर्ण ओहोटी. शुक्ल पक्ष असो की कृष्ण पक्ष, हिशोब एकच.

पण पाऊणपटच का? चंद्र रोज आदल्या दिवसापेक्षा सुमारे पन्नास मिनिटं उशिरा उगवतो, हे तुम्ही गच्चीवरून पाहिलं असेल. समुद्राचं पाणी मुख्यतः चंद्राच्या ओढीनं वर-खाली होतं, म्हणून भरतीसुद्धा रोज तितकीच उशिरा येते. पन्नास मिनिटं म्हणजे जवळजवळ पाऊण तास. झाला हिशोब! तो मिनिटाला मिनिट जुळत नाही, थोडा वेळ इकडे-तिकडे होतो. पण हातात घड्याळ नसलेल्या माणसाला तेवढं पुरत होतं.

आणखी दोन शब्द लक्षात ठेवा. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास सूर्य आणि चंद्र यांची ओढ एका रेषेत येते. तेव्हा भरती खूप वर चढते आणि ओहोटीही खूप खाली जाते. त्याला म्हणतात उधाण. अष्टमीच्या आसपास दोघांची ओढ आडवी-उभी होते, तेव्हा पाणी फारसं चढत नाही आणि फारसं उतरतही नाही. त्याला म्हणतात भांग. मुंबईत पावसाळ्यातल्या उधाणाला पाणी साडेचार मीटरच्याही वर जातं. साडेचार मीटर म्हणजे सुमारे दीड मजला!

आपण दशमी किंवा एकादशीचा दिवस धरू. सकाळी भरती होऊन गेलेली असेल. आपण पोचू तेव्हा पाणी मागे सरत असेल आणि जेवणवेळेनंतर दीड-दोनला पूर्ण ओहोटी.

घाट उतरताना

पहाटे उठायचं, डबा घ्यायचा आणि चिंचवडला मुंबईची गाडी पकडायची. सकाळची सिंहगड एक्स्प्रेस चिंचवडला थांबते. शक्य असेल तर खिडकीची जागा पकडा, पण लोणावळा येईपर्यंत धाकट्या भावंडाला बसू द्या. खरी मजा पुढे आहे.

भोसरी समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरहून उंचावर आहे. लोणावळा-खंडाळ्यापर्यंत ही उंची टिकते, आणि मग बोरघाटात गाडी एकदम खाली उतरू लागते. बोगदा, दरी, पुन्हा बोगदा! हा रेल्वेमार्ग १८६३ साली सुरू झाला. डोंगर फोडायला तेव्हा सुरुंग आणि माणसाचे हात एवढंच होतं. काम करताना हजारो मजूर दगावले, त्यात कॉलऱ्यानं गेलेले पुष्कळ होते. हा घाट म्हणजेच आपल्या पाण्याची हद्द. घाटाच्या अलीकडचं पाणी बंगालच्या उपसागराकडे आणि पलीकडचं अरबी समुद्राकडे. गाडी ती हद्द ओलांडते तेव्हा हात हलवून इंद्रायणीला "येतो गं" म्हणायला हरकत नाही.

परतीच्या वेळी कर्जतला नीट पाहा. तिथे गाडीला मागून जादा इंजिनं जोडतात, कारण हा चढ फार तीव्र आहे. सदतीस मीटर पुढे गेलं की एक मीटर वर, असा. रस्त्याला हा चढ काहीच नाही, पण लोखंडी रुळांवरच्या लोखंडी चाकांना तो फार वाटतो.

दादरला उतरा. पश्चिमेकडून बस किंवा टॅक्सीनं वरळी कोळीवाडा.

बेटावरचं गाव

टॅक्सीतून बाहेर पाहाल तर काचेचे उंच-उंच मनोरे दिसतील. मान वर करून मजले मोजाल तर मान दुखेल. आणि मग एकदम रस्ता अरुंद होतो, घरं बुटकी होतात, रंग बदलतात, हवेला वास येऊ लागतो. नाक मुरडू नका हं! भोसरीच्या कारखान्यांजवळ कूलंटचा आणि तेलाचा वास येतो तेव्हा आपण म्हणतो ना, "कामाचा वास आहे तो"? हाही कामाचाच वास. मासळीचा.

हे गाव इथे कधीपासून आहे? मुंबई शहर व्हायच्या कितीतरी आधीपासून! आज सलग दिसणारी दक्षिण मुंबई मुळात सात बेटं होती. कुलाबा, धाकटा कुलाबा, मुंबई, माझगाव, परळ, वरळी आणि माहीम. बेटांच्या मधून भरतीचं पाणी आत शिरायचं. या बेटांवर सर्वांत जुन्या रहिवाशांमध्ये कोळी होते. मुंबईला जिच्यावरून नाव मिळालं ती मुंबादेवी कोळ्यांचीच देवी.

वरळी आणि महालक्ष्मी यांच्या मधल्या खिंडीतून तर समुद्र धो-धो आत यायचा आणि मधली सखल जमीन चिखलात जायची. अठराव्या शतकात गव्हर्नर विल्यम हॉर्नबी याच्या काळात तिथे मोठा बांध घालून ही खिंड बुजवली. या बांधाची एक गोष्ट सांगतात. बांध घातला की कोसळायचा, पुन्हा घातला की पुन्हा कोसळायचा. मग रामजी शिवजी प्रभू नावाच्या कारागिराच्या स्वप्नात देवी आली आणि म्हणाली, "मी समुद्रात आहे, आधी मला वर काढ." जाळं टाकून मूर्ती वर काढल्या, देऊळ बांधलं, आणि मग बांध टिकला. तेच महालक्ष्मीचं देऊळ. गोष्ट खरी की खोटी यावर घरी वाद घाला. एवढं मात्र खरं की बांधामुळे बेटं जोडली गेली, चिखलाची जमीन झाली आणि जमिनीवर शहर वाढलं. कोळीवाडा होता तिथेच राहिला. फक्त बेटावरचं गाव होतं ते आता शहरातलं गाव झालं.

गल्लीतून रमतगमत

इथे घाई करायची नाही. गल्ल्या इतक्या चिंचोळ्या आहेत, की समोरून हातगाडी आली तर तुम्हाला एखाद्या घराच्या पायरीवर चढावं लागेल. पायरीवर एक आजी बसलेल्या असतील. "आजी, जरा बसू का?" म्हणा, त्या सरकून जागा देतील. पण एक सांगतो : दारातून आत डोकावायचं नाही आणि न विचारता फोटो काढायचा नाही. कोळीवाडा म्हणजे काही राणीची बाग नव्हे. तुमच्या घरासमोर कुणी येऊन, "अय्या, हे बघा कसे राहतात!" म्हणालं तर तुम्हाला चालेल का?

कान उघडे ठेवा. इथली बोली मराठीच, पण तिचा बाज वेगळा. ळ चा ल होतो, ण चा न होतो. जाळं म्हणजे 'जालं', पाणी म्हणजे 'पानी'. समुद्राला म्हणतात दर्या, मासळीला म्हणतात म्हावरं. होडीचा मालक तो नाखवा, होडी चालवणारा मुख्य माणूस तांडेल, आणि त्याच्याबरोबर काम करणारे खलाशी. पाच-सहा शब्द वहीत टिपून घ्या. मराठीच्या तासाला बाईंना चकित करता येईल!

मासळी विकायला बसलेल्या मावशींकडेही थांबा. मासे इथे किलोवर कमी आणि वाट्यावर जास्त विकले जातात. वाटा म्हणजे छोटा ढीग. पापलेट, सुरमई, मांदेली, कोळंबी, चिंबोऱ्या. एकेकाचं नाव विचारा. विकत घ्यायचं नसेल तर गिऱ्हाइकांची गर्दी ओसरल्यावर विचारा. मावशींच्या हिशोबाची तर कमालच. एका हातानं मासा साफ करतात, दुसरीकडे भाव सांगतात, तिसरीकडे सुट्टे पैसे देतात, आणि हात दोनच! कोळ्यांच्या घरात पुरुष समुद्रावर जातो आणि म्हावरं किनाऱ्यावर आलं की ते बाईच्या ताब्यात. विकणं, भाव ठरवणं, पैसे सांभाळणं, सगळं तीच करते. कोळीणमावशीशी हुज्जत घालायची हिंमत फार थोड्यांना असते.

मुंबईच्या कोळीवाड्यांत दोऱ्यांवर बोंबील वाळत घातलेले दिसतात. तेही नीट पाहा. बोंबील दोरीवर कसा टिकतो? चिमटा नाही, गाठ नाही. दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवतात आणि जोडी दोरीवर टाकतात, एक इकडे लोंबतो, एक तिकडे! बोंबलाच्या अंगात पाणी फार, म्हणून तो ताजा फार वेळ टिकत नाही. वाळवला की महिनोन् महिने टिकतो. घाटावरच्या बाजारात आपण जे सुके बोंबील पाहतो, त्यांचा प्रवास अशाच दोरीवरून सुरू होतो.

गावात गोल्फादेवीचं जुनं देऊळ आहे. तिच्याबरोबर साकबादेवी आणि हरबादेवी. भोसरीत जसे भैरवनाथ, तशी इथे गोल्फादेवी. लग्न ठरवायचंय, नवी होडी घ्यायचीय, तर लोक आधी देवीला कौल लावतात. म्हणजे देवीला विचारतात, "करू की नको?"

किल्ल्यात तालीम!

गावाच्या टोकाला, जमीन संपून समुद्र सुरू होतो तिथे वरळीचा किल्ला. रायगड-राजगड डोळ्यांसमोर ठेवून जाल तर म्हणाल, "एवढासा?" हो, एवढासाच. इंग्रजांनी सुमारे १६७५ साली तो बांधला तो राहण्यासाठी नव्हे, पाहण्यासाठी. शत्रूची गलबतं आणि समुद्री चाचे येताना दिसले की इशारा द्यायचा, एवढंच त्याचं काम.

जरा साल आठवा. १६७५! म्हणजे आदल्याच वर्षी रायगडावर शिवाजीमहाराजांचा राज्याभिषेक झाला होता. महाराजांचं आरमार कोकण किनाऱ्यावर फिरत होतं आणि इकडे इंग्रज किनाऱ्यावर टेहळणीच्या जागा बांधत होते. मुंबई त्यांच्या हाती येऊन फार दिवस झाले नव्हते. पोर्तुगीज राजकन्येच्या लग्नात ती इंग्लंडच्या राजाला हुंड्यात मिळाली, आणि राजानं १६६८ साली ती ईस्ट इंडिया कंपनीला वर्षाला अवघ्या दहा पौंड भाड्यानं देऊन टाकली!

आता किल्ल्यात काय आहे? एक छोटं देऊळ आणि गावातल्या पोरांची व्यायामशाळा! भोसरीकरांना तालमीचं काय कौतुक म्हणा. पण तटाला तीनशेहून जास्त वर्षं झालेली, खाली लाटा आणि आत जोर-बैठका, अशी तालीम तुम्ही पाहिली आहे का?

तटावर जपून चढा, मोठ्या माणसांचा हात सोडू नका. समोर माहीमचा उपसागर. पलीकडे वांद्रे. तिथेही टोकाला किल्ला आहे, तो पोर्तुगीजांनी १६४० साली बांधला. आणि या दोन्हींच्या मधून समुद्रावरून जाणारा भलाथोरला पूल म्हणजे वांद्रे-वरळी सागरी सेतू. ३० जून २००९ रोजी तो सुरू झाला. लांबी साडेपाच किलोमीटरहून थोडी जास्त. पांढऱ्या दोऱ्या ताणल्यासारख्या दिसतात ना, त्या दोऱ्या नव्हेत, पोलादी तारांचे जाडजूड जुडगे आहेत. पुलाचा मधला भाग त्यांनीच वर धरलाय.

हा पूल खालून पाहा, आणि मग एक प्रश्न स्वतःला विचारा. वरून गाड्या जातात. खालून कोण जातं?

साठ मीटर की एकशे वीस?

खालून होड्या जातात. आणि इथूनच एक खरी गोष्ट सुरू होते. ती फार जुनी नाही, तुमच्यातल्या मोठ्या मुलांच्या आठवणीतली असेल.

मुंबईत किनाऱ्यालगत एक नवा मोठा रस्ता बांधायला घेतला. वरळीपासून मरीन ड्राइव्हपर्यंत, साडेदहा किलोमीटरचा. काही ठिकाणी भराव टाकून, काही ठिकाणी बोगद्यातून, आणि काही ठिकाणी समुद्रात खांब रोवून. त्याचं एक टोक सागरी सेतूला जोडायचं होतं. तिथले खांब नेमके वरळीच्या होड्या ज्या वाटेनं समुद्रात जातात त्या वाटेवर येत होते. दोन खांबांमध्ये अंतर ठेवलं होतं साठ मीटर.

साठ मीटर! क्रिकेटच्या जवळजवळ तीन खेळपट्ट्या एकापुढे एक ठेवल्या तर होतील एवढे. एवढीशी होडी, साठ मीटरमधून जाणार नाही?

कागदावर जाते. पण कोळी म्हणाले, "आमच्याबरोबर होडीत बसा आणि बघा." त्यांचं म्हणणं समजून घ्यायला आपल्या लांडेवाडी चौकात उभे राहा. लांबलचक ट्रेलर वळताना किती जागा खातो, पाहिलंय ना? त्याला ब्रेक असतात. होडीला ब्रेक नसतात. रस्ता जागेवर राहतो, पाणी जागेवर राहत नाही. भरती-ओहोटीचा प्रवाह होडीला एका बाजूला ओढतो, वारा दुसऱ्या बाजूला ढकलतो. लाट खांबावर आपटून परत फिरते आणि खांबांच्या मधलं पाणी खवळतं. समोरून दुसरी होडी येत असेल, वादळ सुटलं असेल, अंधार असेल, इंजिन बंद पडलं असेल, तर साठ मीटर म्हणजे काहीच नाही. आणि वादळ सुटलं की सगळ्या होड्या एकदमच घराकडे धावतात.

कोळ्यांनी अर्ज केले, बैठका घेतल्या. ऐकलं जाईना तेव्हा होड्या घेऊन समुद्रात जाऊन त्यांनी कामच अडवलं. दुसऱ्या बाजूचं म्हणणंही होतं. खांबांमधलं अंतर वाढवलं की पुलाचा आराखडा बदलतो, खर्च वाढतो, वेळ जातो, आणि शहराला रस्ता तर हवाच आहे. वाद बरेच महिने चालला. कोळ्यांना अंतर दीडशे मीटरच्याही पुढे हवं होतं. शेवटी डिसेंबर २०२२ मध्ये साठाऐवजी एकशे वीस मीटर ठेवायचं ठरलं. मागितलं तेवढं मिळालं नाही, पण होतं त्याच्या दुप्पट झालं. रस्त्याचा पहिला भाग मार्च २०२४ मध्ये सुरू झाला, आणि पुढे तो सागरी सेतूलाही जोडला गेला.

यात शहाणं कोण? इंजिनियरांचं गणित चुकलं नव्हतं. पण त्या गणितात एक माहिती कमी होती, आणि ती पुस्तकात नव्हती. ती रोज त्या वाटेनं जाणाऱ्या माणसाच्या हाताला ठाऊक होती. तुमच्यातले कितीतरी जण पुढे इंजिनियर होणार. नकाशावर रेघ मारण्याआधी त्या रेघेवर कोण राहतं, कोण ये-जा करतं, हे जाऊन विचारायचं. एवढं या कोळीवाड्यातून शिकून आलात तरी गाडीभाडं वसूल!

ओहोटीची वेळ

दीड-दोन वाजले. आता धक्क्याजवळ जा. सकाळी जिथे पाणी होतं तिथे काळे खडक वर आलेले असतील. होड्या चिखलात एका अंगावर कलंडून झोपलेल्या. खडकांवर पांढरे खरखरीत कवच चिकटलेले दिसतात, ती कालवं. ओहोटीला ती फोडून काढणं हेही कष्टाचं काम. धारदार असतात, हात लावू नका. खडक शेवाळानं निसरडे असतात. पाण्यात उतरायचं नाही, खडकांवर एकट्यानं जायचं नाही. भरती परत फिरते तेव्हा ती शिट्टी वाजवून येत नाही.

धक्क्यावर कुणी काका जाळं विणत किंवा सांधत बसले असतील. शेजारी बसा आणि विचारा, "काका, हे कुठलं जाळं?" पाग म्हणजे हातानं गोल फेकायचं जाळं. डोल म्हणजे लांबच लांब पिशवीसारखं. ते समुद्रात एका जागी घट्ट बांधून ठेवतात, भरती-ओहोटीचा प्रवाह मासळी आपोआप आत आणतो. म्हणून तर चंद्र पाहून कामाला निघायचं! प्रवाहाची वेळ चुकली की डोल रिकामी.

काकांना हेही विचारा, की पावसाळ्यात काय करता. आपल्याकडे १ जून ते ३१ जुलै मासेमारीला बंदी असते. त्या दिवसांत समुद्र खवळलेला असतो आणि बऱ्याच माशांचा अंडी घालायचा काळही तोच. आई-मासाच पकडली तर पुढच्या वर्षी काय पकडणार? म्हणून होड्या किनाऱ्यावर ओढायच्या, डागडुजी करायची, जाळी सांधायची. मग श्रावणात येते नारळी पौर्णिमा. वाजत-गाजत मिरवणूक निघते, दर्याला सोनेरी नारळ अर्पण होतो. "आता शांत हो बाबा, आमची माणसं तुझ्या अंगावर येतायत," असं त्याला सांगायचं. तुम्हाला तो सण म्हणजे नारळीभात. ज्यांच्या घरातलं माणूस दुसऱ्या दिवशी समुद्रावर जाणार आहे, त्यांना तो सण म्हणजे काय वाटत असेल, याचा जरा विचार करा.

आता आपल्या गावात

संध्याकाळच्या गाडीनं परत या. आणि पुढच्या सुट्टीला याच सहलीचा दुसरा भाग करा, तोही एक पैसा खर्च न करता. भोसरी गावठाणात फिरा!

कारण नीट पाहिलं तर दोन्ही गावांची गोष्ट एकच आहे. भोसरीही आधी गावच होतं. १९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झालं, भोसरीच्या आजूबाजूला कारखाने आले, माणसं आली, १९८२ साली पिंपरी-चिंचवड महानगरपालिका झाली. वरळीच्या भोवती शहर वाढलं तसं भोसरीच्या भोवतीही वाढलं. त्यांच्या डोक्यावरून सागरी सेतू गेला, आपल्या डोक्यावरून नाशिक रस्त्याचा उड्डाणपूल. तिथे होडीची वाट अडली होती. इथे कुणाची वाट अडली? बैलगाडीची? शेताची? ओढ्याची? शेजारच्या आजोबांना विचारा. आणि तुमचे आई-बाबा बाहेरगावाहून आलेले असतील, तर त्यांना त्यांच्या गावचं विचारा. तिथलं काय बदललं आणि काय टिकलं?

मिळेल ती उत्तरं वहीत लिहून आम्हाला पाठवा.

आई-बाबांसाठी

- ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. पावसाळ्यात किल्ल्याच्या बाजूला लाटांचा जोर असतो, तेव्हा टाळा.
- गाडीच्या वेळा आदल्या दिवशी तपासून घ्या. परतीचं आरक्षण आधीच केलेलं बरं.
- भरती-ओहोटीची वेळ मुलांनाच तिथीवरून काढू द्या, पण छापील वेळापत्रकाशी ताडून पाहा. किनाऱ्यावर अंदाजावर विसंबू नये.
- टोपी, पाण्याची बाटली, न घसरणाऱ्या चपला आणि एक वही-पेन्सिल बरोबर हवी. रिकाम्या पिशव्या परत आणा, दर्यात टाकू नका.
- वेळ उरला तर परतताना हाजीअलीच्या दर्ग्याकडे जाणारी वाट रस्त्यावरून पाहा. उधाणाच्या भरतीला या वाटेवर पाणी चढतं. त्या वेळी वाट उघडी असेल की पाण्याखाली, हे मुलांनी पोचण्याआधी सांगायचं. बरोबर आलं तर एक कुल्फी!